साक्षीदार बोल्ट

माझी वहिनी गिऱ्हाइकाला ‘या, बसा’ म्हणायच्या आधी त्याच्या हातातल्या वस्तूकडे बघते. वस्तू रंगवलेली असेल तर तिच्या कपाळावर आठी पडते. रंग म्हणजे तिच्या लेखी काहीतरी झाकायचा उद्योग, आणि आमचा धंदा नेमका रंग चढवायचा. गाडीचे शौकीन लोक इंजिनासाठी बाजारातून सुटे भाग आणतात. मूळ गाडीत नसलेले, जरा वेगळे, देखणे. वॉल्व्हवरचं झाकण, पुली, हवेचा पाइप, बोल्टांचे संच. त्यावर क्रोम चढवायचं, पावडर कोटिंग करायचं, की नुसतं घासून आरशासारखं करून सोडून द्यायचं, हे आमच्या दुकानात ठरतं. ठरवते वहिनी. गिऱ्हाइकाला मात्र आपणच ठरवलं असं वाटत घरी जाता येतं.

काउंटरमागे एक फळी आहे. तिच्यावर धातूचे काडेपेटीएवढे चोवीस तुकडे स्क्रूने बसवलेत, प्रत्येकावर वेगळा मुलामा. आलेला माणूस आधी क्रोमच्या तुकड्यावर बोट ठेवतो. मग वहिनीची उलटतपासणी सुरू होते.

“गाडी उभी कुठे असते? उन्हात का सावलीत?”

“सावलीत.”

“धुतं कोण?”

“मीच.”

“दर आठवड्याला?”

इथे माणूस अडखळतो. तो अडखळला की वहिनी क्रोमवरचं त्याचं बोट अलगद उचलते आणि खरबरीत काळ्या पावडरवर नेऊन ठेवते. ज्याला महिन्यातून एकदाही बॉनेट उघडायचा कंटाळा, त्याला काळंच बरं, धूळ दिसत नाही. एकाला रेडिएटरवर जाड पावडर हवी होती. “ताप आलेल्या माणसावर रजई घालाल का?” तिने विचारलं. तो बिचारा हो म्हणावं की नाही ते न कळून पाणी पिऊन गेला. दुसऱ्या एकाला एक्झॉस्टच्या शेजारच्या झाकणाला लालभडक अ‍ॅनोडाइझ हवं होतं. वहिनीने त्याला दोन वर्षांपूर्वी परत आलेलं तसलंच झाकण काढून दाखवलं. लाल उडून त्याचा रंग जुन्या हिरडीसारखा झाला होता. तोही काळ्यावर आला. मला विचाराल तर या कामात तिचा हात धरणारं कुणी नाही, आणि हे मी तिचा दीर आहे म्हणून सांगत नाही. दीर म्हणून सांगायचं झालं तर दुसऱ्याच गोष्टी सांगेन.

पहिली म्हणजे तिचा संशय. तो दुकानापुरता नाही. माझ्या पँटच्या खिशातून धुण्यात एकदा वॉशर निघाला, तर तिने तो कागदाच्या पुडीत आठ दिवस ठेवला आणि रोज जेवताना माझ्या तोंडाकडे बघत राहिली. नवव्या दिवशी पुडी उघडून म्हणाली, “भाऊजी, हा कुठला?” कुठला ते मला आजही ठाऊक नाही. पण मी इतका चाचरलो की कुणालाही वाटावं मी वॉशरांचा चोरटा व्यापार करतो.

ती पहिल्यापासून अशी नव्हती. दादाच्या, म्हणजे माझ्या थोरल्या भावाच्या वेळी दुकानात त्याचा एक भागीदार होता. गोड बोलणारा, सगळ्यांच्या तब्येतीची चौकशी करणारा. तो तडा गेलेल्या झाकणांत लांबी, म्हणजे पुट्टी, भरायचा, वरून झकास पावडर मारायचा आणि नवी म्हणून विकायचा. एक झाकण रस्त्यात फुटलं, तापलेलं तेल उडालं आणि गिऱ्हाईक दादाच्या अंगावर धावून आलं. भागीदार तोवर गाव सोडून गेला होता. दादाने सगळं मान खाली घालून ऐकून घेतलं, आणि पुढे आजारी पडला तेव्हाही त्याची मान फारशी वर झाली नाही. तो गेल्यावर वहिनी काउंटरला उभी राहिली. तेव्हापासून आलेल्या प्रत्येक भागाचा जुना रंग आधी पूर्ण उतरवायचा, उघडा धातू स्वतः बघायचा आणि मगच पुढचं बोलायचं, असा तिचा शिरस्ता आहे. मालाची मोजणीही तीच करते. आत किती गेले आणि बाहेर किती आले हा आकडा आम्हाला ती सांगतच नाही. आकडा माहीत नसला म्हणजे त्यात लबाडी करता येत नाही, असा तिचा हिशेब.

आम्ही म्हणजे दोघंच. पॉलिशच्या चाकावर मी, आणि मागच्या शेडमध्ये टाक्या आणि भट्टी सांभाळणारे काका. काका आमचे नात्यातले कुणी नाहीत. दादाच्याही आधीपासून, वडिलांच्या काळापासून ते टाकीपाशी आहेत. बोटांच्या टोकांना आम्लाने पडलेले पिवळे डाग, कमरेला रबरी एप्रन, आणि नाकासमोर चालणारा माणूस. वहिनीला ‘ताई’ म्हणायचे. मला हे काम त्यांनी शिकवलं, आणि शिकवताना एकदाही आवाज चढवला नाही.

गेल्या वर्षी एक टूम निघाली. काळी पुली आणि तिच्यावर सहा क्रोमचे बोल्ट. कुणीतरी कुठेतरी चित्र बघितलं असणार, कारण महिन्याभरात सगळ्यांना तेच हवं झालं. वहिनी प्रत्येकाला सांगायची, पुलीच्या बोल्टांना क्रोम नको, काळेच घ्या. ती उगीच नाही म्हणत नव्हती. पुलीचे बोल्ट कडक पोलादाचे असतात. मुलामा चढवताना आम्लाच्या आणि क्रोमच्या टाकीत अशा पोलादात हायड्रोजन शिरतो आणि ते आतून ठिसूळ होतं. उपाय एकच. टाकीतून निघाल्यावर बोल्ट ताबडतोब भट्टीत घालायचे आणि कित्येक तास भाजायचे, म्हणजे वायू निघून जातो. नाही भाजले तर दिसायला काही फरक नाही. चकाकतात, आवळले जातात, आणि दोन-चार दिवसांनी कुणी हातही न लावता काडीसारखे तुटतात. पण लोक ऐकेनात, तेव्हा वहिनीने काम घेतलं आणि काकांना बजावलं, “भाजल्याशिवाय एक बोल्ट बाहेर जाता कामा नये.”

“नाही जाणार, ताई,” काका म्हणाले. त्यांनी ही गोष्ट तिच्या सासऱ्यांना शिकवली होती, पण तसं ते म्हणाले नाहीत.

एके दिवशी सकाळी एक माणूस रुमालाची पुरचुंडी घेऊन आला. काउंटरवर सोडली तर आत एका बोल्टचं नुसतं डोकं. रात्री पुली बसवून झोपला, सकाळी गॅरेजमध्ये गाडीखाली हे पडलेलं. वहिनीने ते उचललं, तुटलेला भाग उजेडात धरला. तो खडीसाखरेसारखा दाणेदार होता. ओढला जाऊन तुटला असता तर तसा दिसला नसता. तिने माणसाला दुसरा संच दिला, तो मात्र काळा, आणि तो गेल्यावर मागच्या शेडच्या दाराकडे बराच वेळ बघत उभी राहिली. तिच्या मनात पाल चुकचुकली होती, आणि ती एकदा चुकचुकली की थांबत नाही हे मला माहीत होतं.

“काका, हा संच भट्टीत घातला होता?”

“घातला होता, ताई.”

“नक्की?”

“घातल्याशिवाय मी बाहेर देतो का?”

पण दुपारी भट्टीची किल्ली तिच्या पदराला आली. त्या दिवसापासून काकांना भट्टी उघडायची तर काउंटरपाशी येऊन किल्ली मागावी लागे. ज्या माणसाने ती भट्टी विटा रचून उभी केली तो ‘ताई, जरा किल्ली’ म्हणत उभा राहायचा. मला ते बघवत नव्हतं. आणि आता खरं सांगायलाच बसलोय तर हेही सांगतो, की मला आतून थोडं बरंही वाटत होतं. इतकी वर्षं तिची नजर माझ्या खिशांवर होती, ती आता दुसरीकडे वळली होती. मी मूग गिळून पॉलिशच्या चाकाशी उभा राहिलो.

तीन आठवड्यांनी दुसरा बोल्ट तुटला. हा धावत्या गाडीत. डोकं उडून पुलीवरच्या पट्ट्यात गेलं, पट्टा निसटला, स्टिअरिंग एकदम जड झालं आणि गाडी दुभाजकाला घासत गेली. चालवणारा शाळेत गणित शिकवायचा. त्याचं मनगट मोडलं. तो आला तेव्हा उजवा हात प्लास्टरमध्ये होता आणि डाव्या हाताने त्याने बोल्ट काउंटरवर ठेवला. तो ओरडला असता तर परवडलं असतं. त्याने फक्त विचारलं, “तुमच्याकडे हे बघतं कोण?”

ज्या संचातला हा बोल्ट, तो किल्ली पदराला येण्याच्या आधीचा होता. काकांच्या ताब्यातला. वहिनीने त्यांना समोर बोलावलं. मीही होतो.

“काका, तुमचं वय झालंय,” ती म्हणाली. “माणूस विसरतो. मी तुम्हाला लबाड म्हणत नाही. पण एखाद्या दिवशी घालायचे राहून गेले असतील.”

“राहिले नाहीत, ताई.”

“मग हे काय आहे?”

काकांनी तुटलेला बोल्ट हातात घेतला, दाणेदार बाजू बघितली, पुन्हा पुन्हा बघितली. त्यांना ते वहिनीपेक्षाही चांगलं कळत होतं. न भाजलेलाच बोल्ट होता तो, त्यात वादच नव्हता. आणि भाजणारे ते एकटेच होते.

“काही दिवस घरी राहा,” वहिनी म्हणाली. “बघू पुढे.”

त्यांनी एप्रन सोडलं, नीट घडी केली आणि टाकीच्या कठड्यावर ठेवलं. माझ्याकडे एकदा बघितलं. मी काहीतरी बोलायला हवं होतं. तेहतीस वर्षं हा माणूस भाजायला विसरला नाही आणि आताच कसा विसरला, एवढं विचारायला काही फार मोठी छाती लागत नव्हती. मी चाकाचा पट्टा ताणत बसलो.

पुढे टाकी माझ्याकडे आली, आणि भट्टीपाशी वहिनी स्वतः स्टूल टाकून बसायला लागली. समोर घड्याळ, मांडीवर वही. बोल्ट आत गेले की वेळ लिहायची, निघाले की वेळ लिहायची, मध्ये पाणी प्यायलाही उठायची नाही. डोळ्यांत तेल घालून म्हणतात ना, तशी. या पद्धतीने चार संच गेले. चौथ्या संचातला एक बोल्ट गिऱ्हाइकाच्या मेकॅनिकने परत आणला. आवळून दोन दिवस झाले होते, डोकं तुटून पडलं होतं. आतला भाग दाणेदार.

वहिनीने मेकॅनिकसमोर चेहरा हलू दिला नाही. तो गेल्यावर तिने वही उघडली. तिच्याच अक्षरात, तिनेच लिहिलेले तास. मग तिने माझ्याकडे बघितलं, आणि मी मनात म्हटलं, आली आता आपली पाळी. पण मी तरी काय करणार होतो? भट्टीचं दार तिने स्वतः लावलं होतं.

“वहिनी, एक सांगू?” मी म्हटलं. “भाजलेच नसते तर सहाही तुटायला पाहिजेत, निदान दोन-तीन तरी. तिन्ही वेळा एकच तुटलाय. उरलेले पाच ठणठणीत.”

खिडकीपाशी गेली, भिंग घेतलं आणि बोल्टचं डोकं बघायला लागली. डोक्यावर आकड्यांची उठावदार खूण असते, तिच्या खाचेत बघत होती. मग काउंटरवर परत आली आणि डब्यात जपून ठेवलेले आधीचे दोन बोल्ट काढले. तेही बघितले. आणि स्टुलावर बसली. मी भिंग घेतलं. तिन्ही बोल्टांच्या खाचेत, सुईच्या टोकाएवढा, लाल रंग होता.

तिने काउंटरचा खालचा खण उघडला. त्यात एक क्रोमचा बोल्ट होता, डोक्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका. शेजारी नेलपॉलिशची बाटली. आयुष्यात कधी नखांना रंग न लावलेल्या बाईच्या खणात.

“साक्षीदार,” ती म्हणाली.

मला आधी काही कळेना. मग तिने तुटक तुटक सांगितलं. काही महिन्यांपूर्वी एका गिऱ्हाइकाने हसत हसत विचारलं होतं, हे माझेच बोल्ट ना, बदलले नाहीत ना? तो थट्टा करून गेला. वहिनीच्या डोक्यात मात्र ते घर करून बसलं. खरंच मागच्या मागे कुणी चांगले बोल्ट काढून हलके भरत असेल तर? म्हणून प्रत्येक संच टाकीतून निघून वाळत पडला की, आमचं कुणाचं लक्ष नसताना, ती त्यातला एक उचलायची. लाल ठिपका द्यायची आणि खणात ठेवायची. उरलेले पाच भट्टीतून आले की हा साक्षीदार त्यांच्याशी ताडून बघायची. रंग, वजन, खुणा. जुळले की थिनरने ठिपका पुसून सहावा बोल्ट पाकिटात. आम्हाला पत्ता लागायचं कारणच नव्हतं, कारण टाकीत आणि भट्टीत हे बोल्ट इतर सुट्या बोल्टांत मिसळून जायचे आणि एकूण आकडा तिच्याशिवाय कुणाला माहीत नसायचा.

भट्टीपाशी स्टूल टाकून बसायची तेव्हाही खणात एक बोल्ट असायचा. त्यालाही भाजायचं असतं हे तिच्या मनात एकदाही आलं नाही. तिच्या लेखी तो बोल्ट नव्हताच, पुरावा होता.

दुकानात दोघंच होतो. आता मी जे बोललो ते लिहायची लाज वाटते, पण लिहितो. मी म्हटलं, “वहिनी, काका तर गेलेच आहेत. लोकांना तेवढंच माहीत आहे. बोल्ट परत मागवू, कारण सांगायची काय गरज आहे?”

तिने मान वर केली. “भाऊजी,” ती म्हणाली, “तुमच्यावर मी उगीच संशय घेत नव्हते.”

मग तिने वही पुढे ओढली आणि फोन उचलला. एकोणीस संच बाहेर गेले होते, त्यातले तीन परत आले होते. उरलेल्या सोळा जणांना तिने एकेक करून फोन लावला. प्रत्येकाला तेच सांगितलं. गाडी चालू करू नका, पुलीचे बोल्ट काढा, त्यातला एक कच्चा आहे, चूक माझ्या हातून झाली. एक जण प्रवासात होता. तो गाडी बाजूला घेऊन उभा राहिल्याचा निरोप येईपर्यंत ती फोन कानाला लावून उभी होती. लोक जे बोलले ते तिने दादासारखंच ऐकून घेतलं, फक्त मान खाली घातली नाही. गणिताच्या मास्तरांकडे ती स्वतः गेली. परत आली तेव्हा तिचा चेहरा पडला होता. मला वाटलं त्यांनी फैलावर घेतलं असेल.

“ते म्हणाले, तुमचे काका येऊन माफी मागून गेलेत,” ती म्हणाली. “दोन आठवड्यांपूर्वी.”

आम्ही तसेच काकांच्या घरी निघालो. दुपारचे चार वाजले असतील. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. दार काकूंनी उघडलं. आत स्वयंपाकाच्या ओट्यामागे भिंतीवर कागद चिकटवला होता, त्यावर रेघा मारून रकाने पाडलेले: गॅस, नळ, दिवा, कडी. प्रत्येक रकान्यात बरोबरच्या खुणा. अक्षर काकांचं. ते खिडकीशी खुर्चीवर बसले होते आणि मांडीवरचे हात एकमेकांत धरून ठेवले होते.

वहिनी खाली जमिनीवरच बसली. सगळं सांगितलं. ठिपका, खण, सहावा बोल्ट. मध्ये थांबली नाही, स्वतःला कुठे सोडलं नाही. शेवटी म्हणाली, “काका, तुम्ही एकही दिवस विसरला नव्हता. मी चुकले. दुकानात चला.”

काकू पदर तोंडाला लावून रडायला लागल्या. काका मात्र विचारात पडले. टाकीतलं पाणी तपासायचे तशा सावकाश नजरेने ते वहिनीकडे बघत होते.

“तुम्ही बघितलं होतं का, ताई? मला भट्टीत घालताना?”

“नाही बघितलं. पण बाकीचे बोल्ट शाबूत आहेत ना. तुम्ही घातले नसते तर तेही तुटले असते.”

“तुटतील अजून,” काका म्हणाले. “कधीकधी उशिरा तुटतात. मी शिकवलंय ह्याला.”

“काका, इतक्या महिन्यांनी नाही तुटत,” मी म्हटलं.

“मला आठवायला बसलं की आठवत नाही बघ. आधी आठवायचं. तुम्ही म्हणालात राहून गेले असतील, तेव्हा मी घरी येऊन एकेक दिवस आठवून बघितला. एकही नीट आठवेना. तेहतीस वर्षं तेच करतोय, कुठला दिवस कुठला कसा कळणार?” ते हसले, आणि ते हसणं बघून मला तिथून उठून जावंसं वाटलं. “मास्तरांचा हात मोडला. उद्या मान मोडेल कुणाची. मला नका भट्टीपाशी उभं करू, ताई.”

वहिनीने पदराची गाठ सोडली आणि भट्टीची किल्ली त्यांच्या हातावर ठेवली. काकांनी ती घेतली, दोन्ही बाजूंनी बघितली, आणि तिचा हात धरून पुन्हा तिच्या मुठीत ठेवून बोटं मिटवली. मग जा म्हणाले. रागाने नाही, अगदी मायेने म्हणाले.

आम्ही बाहेर आलो. काकूंनी मागे दार लावून घेतलं. वहिनी जिन्याच्या पहिल्या पायरीवर उभी राहिली, खाली उतरेना. आतून काकांचा आवाज आला, “कडी लागली का गं?” काकू हो म्हणाल्या. जरा वेळाने ते पुन्हा म्हणाले, “एकदा बघून ये ना.”